सामाईक विहिरीसारखी सामाईक धावपट्टी

भावाभावांत वाटणी झाली की वावराचे तुकडे पडतात, विहिरीचे पडत नाहीत. विहीर सामाईक राहते आणि पाण्याची पाळी ठरते. विमानतळाच्या धावपट्टीचंही तसंच आहे. तीन किलोमीटरच्या वर लांब, जड विमान पेलणारी पट्टी एकाच गावाच्या शिवारात दोनदा बांधणं कोणालाच परवडत नाही. म्हणून देशात अनेक ठिकाणी एकाच पट्टीवरून वायुदलाची मालवाहू विमानंही उडतात आणि तिकीट काढून मुंबई-पुण्याला जाणारे प्रवासीही. वायुदलाचा मेंटेनन्स कमांड नागपुरात आहे, आणि तिथल्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर प्रवासी विमानांच्या जोडीला वायुदलाची मोठी विमानंही उतरतात. चार इंजिनांचं इल्युशिन-७६ वायुदलात १९८५ पासून आहे. वायुदलात त्याला ‘गजराज’ म्हणतात. विमानतळाशेजारच्या खापरी-जयताळ्याकडच्या जुन्या लोकांना त्याचा आवाज अजून आठवत असेल.

सोनेगावचं हे महत्त्व नवं नाही. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं रात्री नागपुरात एकत्र यायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जायची. देशाच्या मधोमध असण्याचा तो फायदा मालवाहू विमानांना आजही होतो.

मालक कोण, पाहुणा कोण

‘विमानतळ वायुदलाचा आहे की सरकारचा?’ हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. उत्तर जागेप्रमाणे बदलतं.

पुणे, आग्रा, चंदीगड, बागडोगरा ही मुळात वायुदलाची ठिकाणं. तिथं धावपट्टी वायुदलाची, विमानांना परवानगी देणारा टॉवरही वायुदलाचा. प्रवाशांसाठी एका कोपऱ्यात टर्मिनल आणि विमानं उभी करायचं आवार असतं, त्याला ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ म्हणतात. विमान कंपन्यांना वेळ मिळते ती वायुदलाच्या सरावातून उरलेली. धावपट्टी दुरुस्तीला काढली की सगळंच थांबतं. पुण्याची धावपट्टी ऑक्टोबर २०२१ मध्ये १६ ते २९ तारखेपर्यंत डांबरीकरणासाठी पूर्ण बंद होती, आणि चौदा दिवस पुण्यातून एकही प्रवासी विमान उडालं नाही.

नागपूर आणि बडोद्याला उलट आहे. विमानतळ नागरी, टॉवरमध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक, आणि वायुदलाचं वेगळं आवार. इथं वायुदलाचं विमानही त्याच टॉवरकडून परवानगी घेऊन उडतं. फरक एवढाच, की पूर, युद्ध किंवा जखमींची वाहतूक असेल तर त्याला आधी वाट दिली जाते. प्रवाशाला हे कारण बहुधा कळत नाही. त्याला फक्त ‘ऑपरेशनल कारणामुळे उशीर’ एवढंच ऐकू येतं.

धावपट्टी काही तासांसाठी बंद ठेवायची असेल तर आधी ‘नोटॅम’ निघतो. वैमानिकांसाठीची ती लेखी सूचना असते आणि कधीपासून कधीपर्यंत काय बंद ते त्यात दिलेलं असतं. विमान कंपन्या तो पाहून वेळापत्रक हलवतात. आठ दिवस आधी निघाला तर प्रवाशाला वेळेत संदेश जातो. दोन तास आधी निघाला तर विमानतळावर गर्दी होते.

काळी माती आणि वीस टनांचं चाक

जड विमान आलं की धावपट्टी खचणार नाही का? हा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आक्रसते. तिच्यावर थेट रस्ता केला की दोन पावसाळ्यांत लाटा उठतात. पांदण रस्त्यावर आपण हे दरवर्षी पाहतो. म्हणून धावपट्टीखाली ती माती खोदून काढतात, मुरूम भरून थरावर थर दाबतात, त्यावर खडीचे थर आणि सगळ्यात वर डांबर किंवा काँक्रीट. पाण्याचा निचरा बिघडला आणि कडेने पाणी आत शिरलं, की वरचा थर कितीही चांगला असला तरी खालून पोकळ होतो. सामाईक पट्टीवर या निचऱ्यावरून भांडणंही होऊ शकतात. नाली एकाच्या आवारात असते आणि पाणी दुसऱ्याच्या आवारात तुंबतं.

आता वजन. एकूण वजन पाहून घाबरायचं कारण नाही, एका चाकावर किती येतं ते पाहायचं. लोखंडी धावेची बैलगाडी ओल्या वावरात रुतते आणि तिच्याहून कितीतरी जड ट्रॅक्टर रुंद टायरावर निघून जातो, तेच गणित.

एअरबस ए-३२० चं उड्डाणाचं कमाल वजन साधारण ७८ टन. पुढच्या चाकांवर थोडा भार जातो, बाकी चार मुख्य चाकांवर, म्हणजे एका चाकावर १८ टनांहून जास्त. इल्युशिन-७६ चं कमाल वजन १९० टन, पण त्याला मुख्य चाकंच १६. एका चाकावर ११ टनांच्या आसपास. गजराज अडीच पट जड, तरी त्याच्या एका चाकावरचा भार प्रवासी विमानापेक्षा कमी. कच्च्या पट्टीवरही उतरता यावं म्हणून त्याची रचनाच तशी केली आहे. वायुदलाचं दुसरं मोठं मालवाहू विमान, सी-१७, मात्र २६५ टनांचं, मुख्य चाकं १२, एका चाकावर २० टन. शिवाय ही चाकं जवळजवळ असतात. वरच्या थराला एकेक चाक वेगळं जाणवतं, पण खोल मातीपर्यंत त्यांचा भार एकत्र होऊन पोचतो. म्हणून नुसत्या भागाकारावर निर्णय होत नाही.

या हिशोबासाठी धावपट्टीला एक आकडा दिलेला असतो. पूर्वी त्याला पीसीएन म्हणत, नोव्हेंबर २०२४ पासून जगभर पीसीआर ही नवी पद्धत आली. विमानालाही त्याच्या भाराचा असाच आकडा असतो. तो पट्टीच्या आकड्याइतका किंवा कमी असेल तर ते कितीही वेळा येऊ शकतं. दहा टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर अधूनमधून चालतं, पण अशा फेऱ्या वर्षाच्या एकूण फेऱ्यांच्या पाच टक्क्यांवर जाऊ नयेत. पूरग्रस्तांसाठी दोन दिवस येणारं जड विमान पट्टी सोसते. तेच रोज आलं तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

खराबी कुठे होते तेही अनेकांना उलटं वाटतं. जोरात धावणाऱ्या विमानाचा भार पंख उचलू लागलेले असतात. हळू चालणारं आणि उभं असलेलं विमान पट्टीला जास्त छळतं. मे महिन्यात डांबर मऊ झालेलं असताना भरलेलं जड विमान एका जागी तासभर उभं राहिलं तर चाकाखाली खळगा पडू शकतो. म्हणून विमान उभं करायची जागा आणि पट्टीची टोकं बहुधा काँक्रीटची असतात. इंधनाचे थेंब सांडून डांबर विरघळतं, काँक्रीट विरघळत नाही, हे दुसरं कारण.

आणि बारीक खडे. सुटलेला खडीचा दाणा आपल्याला क्षुल्लक वाटतो. ए-३२० चं इंजिन जमिनीपासून जेमतेम दीड-दोन फुटांवर असतं आणि समोरचं सगळं आत ओढतं. आधी गेलेल्या मोठ्या विमानाच्या झोतानं कडेचे खडे पट्टीवर आले, की मागून येणाऱ्या प्रवासी विमानाच्या इंजिनाची पाती जातात. त्यामुळे दिवसातून ठरलेल्या वेळी माणसं पट्टी तपासतात. वायुदलाचे जवान तर आपल्या आवारात ओळीत उभे राहून, खाली बघत, खडा-खिळा वेचत चालतात. निंदणीला बाया जशा ओळीनं तासं धरतात, अगदी तसं.

बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पट्टी आखूड होते

ऊन वाढलं की हवा विरळ होते. पंखांना कमी उचल मिळते, इंजिनाचा जोरही कमी होतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे. पण मेच्या दुपारी ४५ अंश तापमानात तिथली हवा जवळपास दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते.

आराखडा करताना एक ढोबळ नियम वापरतात. दर ३०० मीटर उंचीला लांबी ७ टक्के वाढवायची, आणि त्या उंचीला हिशोबासाठी धरलेल्या प्रमाण तापमानापेक्षा जेवढे अंश जास्त तेवढे टक्के आणखी. या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश. उन्हाळ्याचं सरासरी कमाल तापमान ४३ धरलं तर ३० टक्के. ए-३२० ला समुद्रकाठी पूर्ण वजनाला २१०० मीटर लागत असतील तर इथं २९०० च्या वर लागतील. सोनेगावची पट्टी ३२०० मीटर लांब, ४५ मीटर रुंद आहे, म्हणून निभतं.

हाच हिशोब अमरावतीजवळच्या बेलोऱ्याला लावून पाहा. तिथली पट्टी १८५० मीटर. एटीआर-७२ या पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानाला समुद्रसपाटीवर साधारण १३०० मीटर लागतात, उंची आणि ऊन धरून ते १८०० च्या घरात जातं. जेमतेम बसतं. बेलोऱ्याला एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली ती एटीआरनंच. लोक विचारतात, मोठं विमान का नाही? कारण या हिशोबात आहे.

वायुदल अशा दिवसांत तीन गोष्टी करतं. उड्डाण पहाटे ठेवतं, वजन कमी करतं, किंवा इंधन कमी घेऊन वाटेत दुसरीकडे भरतं. उन्हाळ्यात पहाटे चार-पाचला विमानाचा आवाज येतो तो यामुळे.

पाळी कशी लावतात

मोठं विमान गेलं की त्याच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे दोन भोवरे राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण वावटळीसारखे फिरत खाली उतरतात आणि मागच्या छोट्या विमानाला कुशीवर उलटवू शकतात. १३६ टन आणि त्यावरचं विमान ‘हेवी’ वर्गात मोडतं, म्हणजे इल्युशिन आणि सी-१७ दोन्ही. त्यांच्या मागून उतरणाऱ्या ए-३२० किंवा एटीआरला ९ किलोमीटरहून जास्त अंतर ठेवावं लागतं, शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या विमानाला ११ किलोमीटर. उड्डाणाच्या वेळी दोन मिनिटं थांबायचं, आणि छोटं विमान पट्टीच्या मधूनच उडणार असेल तर तीन.

दोन मिनिटांनी काय बिघडतं? एकानं नाही बिघडत. पण जिथं पट्टीला समांतर टॅक्सी-वे, म्हणजे विमानं चालत जायची वाट, पूर्ण लांबीचा नाही, तिथं विमानाला उतरून, टोकाला वळून, पट्टीवरूनच परत यावं लागतं. तीन किलोमीटर सावकाश चालायला पाच मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ वर तीन विमानं घिरट्या घालत असतात. वायुदलाचं आवार एका बाजूला आणि टर्मिनल दुसऱ्या बाजूला असेल, तर पट्टी ओलांडायलाही परवानगी लागते. धोक्याची चूक इथंच होते. ‘पट्टीच्या अलीकडे थांबा’ हे वाक्य वैमानिकानं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं नाही, तर नियंत्रक पुन्हा विचारतो. हे परत म्हणणं टाळता येत नाही.

अग्निशमनाचीही पाळी असते. विमानाच्या लांबी-रुंदीप्रमाणे विमानतळाला वर्ग मिळतो. एटीआर-७२ साठी ५,४०० लिटर पाणी गाड्यांवर तयार लागतं, ए-३२० साठी ७,९००, इल्युशिनसाठी १२,१००, सी-१७ साठी १८,२००. फेस करायचं द्रावण वेगळं. पट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांत पहिली गाडी पोचली पाहिजे. एक बंब दुरुस्तीला गेला की वर्ग खाली येतो, आणि मोठं विमान नियमानं उतरू शकत नाही. म्हणून वायुदल आणि विमानतळ यांच्यात लेखी करार असतो: कोणाचे बंब आधी धावणार, हुकूम कोणाचा, पाणी कुठून भरायचं.

मदतीचं विमान आलं, पुढे काय

पूर आला की ‘वायुदलाचं विमान मदत घेऊन उतरलं’ अशी बातमी येते. खरी अडचण उतरल्यावर सुरू होते.

सामान पॅलेटवर बांधलेलं असतं. ॲल्युमिनियमचा हा सपाट पाट २.७४ बाय २.२४ मीटरचा, त्यावर जास्तीत जास्त साडेचार टन. पन्नास किलोची नव्वद पोती. सी-१७ मध्ये असे १८ पाट मावतात. सगळे पूर्ण भरले तर ८१ टन होतात आणि विमानाची मर्यादा आहे ७७ टनांच्या आसपास, म्हणून सगळे पूर्ण भरतच नाहीत. साडेचार टनांचा पाट उतरवायला तेवढं उचलणारं यंत्र लागतं. लहान विमानतळावर तीन टनांचा फोर्कलिफ्ट असेल तर जाळी सोडून पोतं-पोतं हातानं उतरवावं लागतं. तासाभराच्या कामाला अर्धा दिवस जातो, आणि तेवढा वेळ ५० मीटर पंखांचं विमान प्रवासी विमानांची जागा अडवून उभं राहतं. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात बोटी आणि टॉर्च मोजलेले असतात. विमानतळावर किती टन उचलणारं यंत्र आहे, हे त्यात लिहिलेलं असायलाच हवं.

दारातून काय जाईल तेही आधी मोजावं लागतं. वायुदलाच्या लहान मालवाहू एएन-३२ विमानाचा पोटाचा भाग २.३ मीटर रुंद पण उंचीला १.८ मीटरच. जीप जाते, ट्रॅक्टर जात नाही. इल्युशिनचा साधारण ३.४ बाय ३.४ मीटर. सी-१७ ची रुंदी साडेपाच मीटर. २०२१ च्या ऑक्सिजन टंचाईत टँकर विमानानं नेले ते रिकामे, आणि भरून परत आणले रस्त्यानं किंवा रेल्वेनं. द्रवरूप ऑक्सिजन सतत थोडा वायू सोडतो. बंद विमानात तो साचला तर ठिणगीही पुरे.

कुंपणाबाहेरचं गाव

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे कोणी समजावून सांगत नाही आणि नोटीस मात्र थेट येते.

*घराची उंची.* विमानतळापासून ४ किलोमीटरच्या आत साधारणपणे विमानतळाच्या पातळीपेक्षा ४५ मीटरपर्यंतच बांधकाम चालतं. हा आकडा जमिनीपासूनचा नसतो, आणि इथंच लोक फसतात. विमानतळ ३१० मीटरवर असेल तर छताची मर्यादा ३५५ मीटर. तुमचं वावर टेकाडावर ३२० मीटरवर असेल तर तुम्हाला मिळतात ३५ मीटर. त्यात पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, वीजरोधक काठी सगळं आलं. धावपट्टीच्या टोकासमोर मर्यादा फार कडक. पट्टी संपल्यावर ६० मीटरपासून दर ५० मीटर अंतराला १ मीटर उंची. टोकापासून ५६० मीटरवर फक्त १० मीटर. तिथं धुऱ्यावर लावलेली निलगिरीसुद्धा काही वर्षांत नियमाबाहेर जाते. परवानगी मागताना जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची अचूक मोजून द्यावी लागते. मोबाइलवरची उंची चालत नाही, तिच्यात दहा-वीस मीटरची चूक सहज असते. तळ वायुदलाचा असेल तर ना-हरकत वायुदलाकडून घ्यावी लागते. शिवाय १९०३ च्या कायद्याखाली तळाच्या कुंपणालगत, आणि दारूगोळ्याच्या कोठाराभोवती त्याहून बऱ्याच मोठ्या पट्ट्यात, बांधकामाला बंदी असू शकते. प्लॉट घेण्याआधी ही अधिसूचना तलाठ्याकडे आणि नगररचना कार्यालयात विचारावी. विकणारा ती दाखवणार नाही.

*ड्रोन फवारणी.* तूर-कपाशीवर ड्रोननं फवारणी वाढली आहे. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापुढे ४०० फुटांपर्यंत. पिकावर दोन मीटरवरूनच उडवतो, ही सबब चालत नाही. फवारणीवाल्याला बोलावण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपला गट बघून घ्या.

*धूर आणि लेझर.* पऱ्हाटी किंवा धानाचं तणस जाळलं तर थंडीच्या पहाटे धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. वैमानिकाला पट्टीची वाट दाखवणाऱ्या साध्या आयएलएस यंत्रणेवर उतरायला पट्टीवर किमान ५५० मीटर दिसावं लागतं. आग दुपारी वारा असताना लावणं हाही उपाय नाही, पसरते. पऱ्हाटीचा भुगा करून वावरातच मिसळणं बरं. वरातीतला लेझरचा झोत वैमानिकाच्या डोळ्यांत गेला तर उतरतानाच्या शेवटच्या मिनिटात त्याला काही सेकंद काहीच दिसत नाही.

*पक्षी.* विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापणं, सोलणं आणि कचरा टाकणं कायद्यानं मना आहे. त्यामागं घार आहे. ऊन तापलं की गरम हवेवर ती अलगद वर चढते, नेमकी विमानाच्या वाटेत. नांगरणीला ट्रॅक्टरमागे बगळे येतात. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी उडते आणि तिच्यावर पक्ष्यांचे थवे पट्टीवरच उतरतात. जूनच्या त्या आठ-दहा दिवसांत विमानतळवाले जास्त माणसं आणि फटाके लावून ठेवतात. गावानं आपल्या हातातलं एकच करायचं: मेलेलं ढोर नाल्यात ओढून टाकायचं नाही. पाच-सहा फूट खोल खड्डा, खाली-वर चुना, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काटेरी झुडपं किंवा दगड. ग्रामपंचायतीनं जेसीबीचे तासाभराचे पैसे आणि दोन पोती चुना वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला ठेवावेत, कारण ढोर पावसाळ्यात मरतं आणि तेव्हा खड्डा हातानं खोदायला कोणी येत नाही.